रविवारचा रस आणि बुधवारी उडालेलं झाकण: एका घरातल्या ज्यूसचं प्रकरण

या घराने मला एकच प्रश्न विचारला होता: जाळीचा वेगवान ज्यूसर काढून टाकून कोल्ड प्रेस, म्हणजे सावकाश पिळून रस काढणारं यंत्र, घ्यावा का? त्यामागे तक्रारी मात्र चार होत्या. संत्र्याचा रस रात्री गोड लागायचा आणि सकाळी कडू. सफरचंद-गाजराचा रस पेल्यात ओतेपर्यंत मातकट व्हायचा. इतकी फळं घालून रस थोडाच निघायचा आणि चोथा ओलाच राहायचा. त्यातच एका बुधवारी गाजर-बिटाच्या बाटलीचं झाकण फट्‌कन उडालं आणि फ्रीजच्या दारातून लाल फेस खालच्या भाजीवर ओघळला. चारही गोष्टींचं खापर यंत्रावर फुटलं होतं आणि नवं कोणतं घ्यायचं याची शोधाशोधही सुरू झाली होती.

मी अन्नप्रक्रिया शिकवते, त्यामुळे असे प्रश्न ओळखीपाळखीतून येत असतात. बहुतेकदा विचारणाऱ्याचं ठरलेलं असतं, वरून फक्त होकार हवा असतो. इथेही तसंच होतं. पण या चारही तक्रारी एकाच यंत्रामुळे होतील हे मला पटेना. कडूपणा, रंग आणि आंबणं यांची कारणं एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. म्हणून मी सांगितलं, यंत्राचं नंतर बघू. येत्या रविवारी नेहमी करता तसंच सगळं करा, मी नुसती बघत बसते.

घरात चार माणसं: ताई, त्यांचे यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. दोघंही नोकरीला, सकाळी घाई. म्हणून रविवारी संध्याकाळी पूर्ण आठवड्याचा रस काढून काचेच्या बाटल्या भरायच्या आणि सोमवार ते शुक्रवार त्या प्यायच्या असा बेत. ही कल्पना दुकानातल्या कोल्ड प्रेस बाटल्यांवरून आली होती. त्यांच्यावर कित्येक आठवड्यांची मुदत छापलेली असते. “त्यांचा टिकतो तर आपला का नाही?” हा ताईंचा मुद्दा रास्तच होता.

त्याचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. दुकानातल्या त्या बाटल्या कोल्ड प्रेसमुळे टिकत नाहीत. रस काढून, बाटलीत भरून, झाकण लावल्यावर अशा बऱ्याचशा बाटल्या पाण्याने भरलेल्या जाड पोलादी टाकीत ठेवतात आणि त्यांच्यावर प्रचंड दाब देतात. हा दाब 400 ते 600 मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार ते सहा हजार पट असतो. त्यात रोगजंतू आणि यीस्ट मरतात, उष्णता लागत नाही आणि चव ताज्यासारखी राहते. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘कोल्ड प्रेस’ असतं आणि दाबाचा उल्लेख असलाच तर बारीक अक्षरांत मागे. घरी कितीही महागडं कोल्ड प्रेस यंत्र आणलं तरी त्यातून निघतो तो कच्चाच रस. त्याची मुदत तासांत मोजायची.

रविवारी काय दिसलं

सगळी फळं आणि गाजरं एकाच टबात भिजत घातली होती. गाजराची माती सफरचंदांवर चढत होती. नरम पडलेली, डाग आलेली सफरचंदं वर काढून ठेवलेली, “ही ज्यूसला चालतात” म्हणून. संत्री सोलून, पांढरा पापुद्रा आणि बियांसकट अर्धी-अर्धी करून नळीत जात होती. दट्ट्या जोरात दाबला जात होता, कारण पाठीमागे ढीग मोठा होता. मध्येच मोटर तापून बंद पडली, तेव्हा ती थंड होईपर्यंत सगळे थांबले. आधी काढलेला रस तोवर मोठ्या भांड्यात ओट्यावर तसाच उघडा. शेवटी चवीसाठी लिंबू पिळलं, बाटल्या भरल्या, काही गळ्यापर्यंत तर काही अर्ध्याच, आणि कोमट रसाच्या त्या बाटल्या फ्रीजच्या दारात उभ्या केल्या.

पहिलं फळ कापल्यापासून शेवटची बाटली फ्रीजमध्ये जाईपर्यंत तासाहून बराच जास्त वेळ गेला. इथे कोणाचं काही चुकत होतं असं म्हणणंही जड जातं. एकदम पुष्कळ करून ठेवायचं ही स्वयंपाकघरातली शहाणीच सवय. फक्त ताज्या रसाला ती मानवत नाही.

संत्र्याचा कडूपणा

या तक्रारीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण ती सगळ्यात जास्त चकवते. ताईंनी दुकान बदलून पाहिलं होतं, संत्री आणखी पिकू दिली होती, ज्यूसरची जाळी व्हिनेगरमध्ये उकळली होती. एकाचाही उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता.

वापरात होती ती नेव्हल जातीची संत्री. बेंबीसारखी खूण असलेली, बिया जवळजवळ नसलेली, खायला उत्तम. लिंबूवर्गातल्या या फळांच्या पांढऱ्या सालीत, फोडींच्या पातळ पडद्यांत आणि बियांत एक पदार्थ असतो, आणि तो स्वतः कडू नसतो. फळ अख्खं असेपर्यंत तो आपल्या जागी गप्प बसतो. पेशी फुटल्या की तो आंबट रसात मिसळतो, आणि रसातलं आम्ल व फळातलंच एक एन्झाइम मिळून त्याचं लिमोनिन करतात. लिमोनिन मात्र जहाल कडू. लिटरभर रसात काही मिलिग्रॅम असलं तरी जिभेला कळतं. हे रूपांतर व्हायला काही तास लागतात. म्हणून रात्री चाखलेला रस गोड आणि सकाळचा कडू. रस गरम केला तर हाच बदल आणखी लवकर होतो.

ग्रेपफ्रूटचा कडूपणा यापेक्षा वेगळा. तो नॅरिंजिन नावाच्या दुसऱ्या पदार्थामुळे येतो आणि पहिल्या घोटालाच जाणवतो. तेव्हा संत्र्याचा रस काढल्या काढल्या कडू लागला तर शंका फळावर किंवा आत गेलेल्या सालीवर घ्यावी. उशिरा कडू झाला तर लिमोनिनवर.

हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही. म्हणून एकाच ढिगातल्या संत्र्यांचे दोन पेले केले. एक नेहमीसारखा, सोललेली संत्री पांढऱ्या पापुद्र्यासकट यंत्रात घालून. दुसरा हाताच्या पिळणीवर, आडव्या कापलेल्या संत्र्याचे अर्धे शंकूवर फार न घासता फिरवून आणि लगेच गाळून. त्या क्षणी दोन्ही गोड होते. यंत्रातला थोडा दाट, एवढाच फरक. दोन्ही झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी मुलीने डोळे मिटून चव घेतली. यंत्रातल्या रसाला तोंड वाकडं केलं, पिळणीवरचा अर्धा पेला प्यायली आणि “हा पण थोडासा आहेच कडू” म्हणाली. तिचं बरोबर होतं. पिळणीने कडूपणा कमी होतो, जात नाही, कारण फोडींचे पडदे थोडे तरी फुटतातच.

आता यात यंत्र बदलून काय होईल? सावकाश फिरणारं यंत्र संत्र्याचा पांढरा भाग अधिकच चांगला पिळून काढतं. पापुद्र्यासकट घातलं तर तिथेही सकाळी हेच. रसाचे मोठे कारखाने यातून दोन प्रकारे वाट काढतात. मुळात व्हॅलेन्सियासारखी, लिमोनिन फार न बनवणारी जात वापरतात, किंवा रस खास रेझिनमधून जाऊ देऊन कडू भाग शोषून घेतात. घरात तिसरीच वाट सोपी आहे: संत्र्याचा रस काढायचा आणि प्यायचा. नेव्हल संत्र्याचा रस साठवण्यासाठी नाहीच.

साखर घालून बघितली का, असंही मी विचारलं. घातली होती. कडू होता तो गोड-कडू झाला.

रंग, फेस आणि तळाचा साका

सफरचंद तपकिरी का पडतं हे शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं: फळातली पॉलिफिनॉल, हवेतला ऑक्सिजन, आणि दोघांची गाठ घालून देणारं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम. जाळीच्या यंत्रात टोपली मिनिटाला सहा हजार ते चौदा हजार फेरे घेते. रस बारीक थेंबांच्या रूपात भिंतीवर आदळतो आणि पुष्कळ हवा घेऊन खाली येतो. फेस म्हणजे तीच हवा. सावकाश पिळणारी यंत्रं मिनिटाला 40 ते 100 फेरे घेतात, त्यामुळे फेस कमी आणि रंग जरा उशिरा बदलतो. इथे कोल्ड प्रेसची बाजू खरी आहे, ते मान्य करायलाच हवं.

पण त्याच्या जाहिरातीत नेहमी दिसणारं एक वाक्य ताईंनी मला वाचून दाखवलं: वेगवान यंत्राच्या उष्णतेने रसातली एन्झाइम मरतात. मी त्यांना समोरच्या पेल्याकडे बघायला सांगितलं. एन्झाइम मेली असती तर रस तपकिरी झाला असता का? तो रंग म्हणजे एन्झाइम ठणठणीत असल्याचा पुरावा. ती निकामी व्हायला साधारण 60-70 अंशांच्या वर तापवावं लागतं. जाळीत रस काही अंशांनीच कोमट होतो. आणि समजा रसात ती शाबूत राहिली, तरी आपलं पोट त्यांना इतर प्रथिनांसारखंच पचवून टाकतं.

रंगाचा उपाय अगदी साधा निघाला. लिंबू पिळलं जात होतं, पण सगळ्यात शेवटी. तोवर तासभर रंग चढून झालेला. लिंबातलं क जीवनसत्त्व तपकिरी होऊ पाहणारे रेणू पुन्हा मूळ रूपात आणतं, पण पक्का झालेला रंग त्याला उतरवता येत नाही. शिवाय आम्ल वाढलं की एन्झाइम मंदावतं. म्हणून लिंबाचा रस आधी रिकाम्या भांड्यात घालायचा आणि सफरचंदाचा पहिला थेंब त्यात पडू द्यायचा. अर्ध्या लिंबाने पेलाभर रसाचा रंग न्याहारी होईपर्यंत तरी टिकला. संध्याकाळपर्यंत नाही टिकला. तेवढं कोणतंच घरगुती यंत्र करून देणार नाही.

तळाला साका बसतो त्याची काळजी करू नये. ढवळून प्यावा.

बुधवारची बाटली

यंत्राचा इथे काडीचाही संबंध नव्हता, आणि या घरात खरी भीती वाटावी अशी गोष्ट हीच होती. ताईंना मात्र ती सगळ्यात किरकोळ वाटत होती. झाकण उडालं, बाटली ओतून टाकली, विषय संपला.

फळांच्या आणि कंदांच्या सालीवर यीस्ट असतंच. रसात त्याला आयती साखर मिळते. ते साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल तयार करतं. घट्ट झाकणाच्या बाटलीत वायूला जायला जागा नसते, म्हणून एक दिवस झाकण जातं. काचेची बाटली फुटलीही असती. पण फ्रीजमध्ये तीन दिवसांत एवढं आंबलं, म्हणजे फ्रीज तितकासा थंड नसणार. म्हणून दाराच्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवला. सकाळी 9 अंश. मधल्या कप्प्यात अगदी मागे 5. रस ठेवायचा तर 4 अंश किंवा त्याखाली. दार दिवसभर उघडझाप होत असतं आणि त्यात कोमट रसाच्या बाटल्या. त्या किती वेळाने खरोखर थंड होत असतील कोण जाणे.

आंबलेला रस निदान आवाज करतो, वास देतो. ज्याची खरी भीती तो असं काहीच करत नाही. गाजर जमिनीत वाढतं आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. त्यांना हवा नको असते, आणि सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका रस आंबट) 4.6 च्या वर असला की वाढायला मोकळीक मिळते. संत्रं, सफरचंद, डाळिंब यांचे रस आंबट असल्यामुळे या बाबतीत सुरक्षित आहेत. गाजराच्या रसाचा सामू मात्र 6 च्या आसपास. काकडी, पालक, बीट याच गटातले. 2006 मध्ये अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून काही जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच जिवाणूच्या विषाने होणारा आजार, झाला, स्नायू लुळे पडण्यापर्यंत पाळी आली. तो रस पाश्चराइज केलेला होता. पाश्चरायझेशनमध्ये बीजाणू मरत नाहीत, आणि बाटल्या पुरेशा थंड राहिल्या नसाव्यात असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर अशा कमी आम्लाच्या रसांसाठी तिथल्या नियंत्रकांनी उत्पादकांना वेगळ्या सूचना दिल्या.

आंबट रसही सगळ्याच जंतूंपासून सुरक्षित नसतो. 1996 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ157:एच7 पसरला. एक लहान मूल दगावलं. हा जिवाणू आम्ल बराच सहन करतो. अमेरिकेत रसाच्या कारखान्यांना त्रासदायक जंतू लाखपट कमी करून दाखवण्याची सक्ती आली ती अशा घटनांनंतर, 2001 च्या नियमाने. घरी लाखपट वगैरे काही जमत नाही. घरी जमतात त्या साध्या गोष्टी: वाहत्या पाण्याखाली धुणं, गाजर-बिटाला ब्रश मारणं, दोन्ही टोकं कापून टाकणं, आणि काढलेला रस वाट न बघता पिणं. घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस दोन्ही असल्यामुळे या बाबतीत मी जरा हट्टाने बोलले.

टबात सगळं एकत्र भिजवणं त्याच दिवशी बंद झालं. डागाळलेल्या सफरचंदांवरून मात्र वाद झाला. ताईंचं म्हणणं, सडका भाग मी कापून टाकते. आपटून नरम झालेलं फळ वेगळं, त्याला माझी हरकत नाही. पण बुरशीने सडलेल्या सफरचंदात पेनिसिलियमची जात पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते दिसणाऱ्या डागाच्या कडेला चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतं आणि उकळूनही पुरतं जात नाही. सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोला 50 मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवलेली आहे. खाताना असं फळ आपण बघून बाजूला सारतो. रसात गेलं की दिसत नाही आणि चवही लागत नाही. म्हणजे रसाला फळ उलट जास्त चांगलं लागतं. “मग नरम फळांचं करायचं काय?” ताईंनी विचारलं. आपटलेली तेव्हाच खा, बुरशीची फेका. यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी वर काढून ठेवलेला ढीग दिसला नाही.

आजोबांचा हिरवा पेला

आजोबांसाठी वेगळी बाटली असायची: मोठी जुडी पालक, थोडं बीट, एक काकडी, एक सफरचंद. याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. मी विचारलं ते पालकाचा ढीग बघून.

“आजोबा, तुम्हाला मुतखड्याचा त्रास झालाय का कधी?”

“दोनदा. पण आता पाणी भरपूर पितो, आणि हा रस.”

“गोळ्या कोणत्या चालू आहेत, दाखवता का?”

“अहो, भाजीच तर आहे ती, औषध थोडंच आहे?”

गोळ्यांच्या पाकिटात रक्तदाबाची अशी एक गोळी निघाली, जिच्यामुळे शरीरात पोटॅशियम साठून राहू शकतं. कच्च्या पालकात 100 ग्रॅममागे साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि ऑक्झलेट कित्येक शेकडो मिलिग्रॅम. बिटातही दोन्ही भरपूर. सगळ्यात जास्त आढळणारे मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. पालक उकडून पाणी फेकलं तर ऑक्झलेटचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. रसात तो जात नाही, उलट ताटात कधीच मावली नसती एवढी कच्ची भाजी एका पेल्यात उतरते. रोज असे हिरवे रस पिऊन मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेली आहेत.

इथे माझं काम संपलं आणि डॉक्टरांचं सुरू झालं. मी फक्त एवढंच सांगितलं की गोळ्यांचं पाकीट आणि पेल्यातल्या भाज्यांची यादी दोन्ही घेऊन जा, आणि तोवर ही बाटली नको. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पालक-बिटाचा रस बंद केला, शिजवलेली भाजी बेताने खायला हरकत नाही म्हणाले. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी घेणाऱ्यांनाही हीच सावधगिरी लागते. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व एकाएकी वाढलं की गोळीचा परिणाम कमी होतो. आजोबांची तशी गोळी नव्हती.

आजोबांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली. बीट सुरू केल्यावर लघवी लालसर दिसली आणि त्यांनी भीतीने कोणाला सांगितलंच नव्हतं. दर शंभरांतल्या साधारण दहा-चौदा जणांना बिटाच्या रंगाने असं होतं आणि त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण बीट बंद केल्यावरही लाली राहिली तर तपासणी हवी. ही गोष्ट डॉक्टरांच्याच कानावर घाला म्हटलं, आणि त्यांनी घातली.

वजनकाट्यावर

रस कमी निघतो ही तक्रार काट्यावर तपासली. 720 ग्रॅम सफरचंद आणि 240 ग्रॅम गाजर, नेहमीच्या घाईने: 560 मिलिलिटर रस, चोथा मुठीत दाबला तर बोटांतून पाणी. तेवढीच फळं जाळी ब्रशने घासून, दट्ट्या फक्त वजनाने खाली येईल असा धरून, एक तुकडा पूर्ण आत गेल्यावरच दुसरा घालून: 640. कोल्ड प्रेसमधून कदाचित याहून थोडा जास्त निघेल, पालेभाजीतून नक्कीच जास्त. पण यातला बराच फरक नव्या यंत्राने न पडता हात सावकाश चालवल्याने पडला. जाळीची भोकं सुकलेल्या गराने बुजलेली होती. उजेडात धरल्यावर निम्म्या जाळीतून पलीकडचं दिसत नव्हतं. वापरल्याबरोबर जाळी पाण्यात टाकली तर दोन मिनिटांत निघते, रात्रभर वाळू दिली तर मग टाचणी घेऊन बसावं लागतं.

काट्याने दुसरीही गोष्ट दाखवली, जी कोणी विचारली नव्हती. त्या 560 मिलिलिटरमध्ये अंदाजे 50 ग्रॅम साखर उतरली होती. दोघांत वाटून पंचवीस-पंचवीस. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मोकळ्या साखरेची मर्यादा रोजच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत सांगितली, आणि 5 टक्क्यांच्या आत असली तर अधिक चांगलं असंही म्हटलं. 2000 उष्मांक खाणाऱ्या माणसाला 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. अख्ख्या फळातली साखर या हिशेबात धरत नाहीत, रसातली धरतात. हा फरक ऐकून यजमान चिडलेच: फळ तेच, साखर तीच, मग हा कुठला न्याय? 1977 च्या एका प्रयोगात सफरचंद, सफरचंदाचा लगदा आणि रस देऊन पाहिलं होतं. तेवढ्याच साखरेचा रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने पिऊन झाला, पोट कमी भरलं, आणि त्यानंतर इन्शुलिन जास्त चढलं. यजमान न्याहारीऐवजी 400 मिलिलिटर पीत होते आणि अकराच्या सुमाराला भुकेने कासावीस होत होते. त्यांचं कोडं तिथल्या तिथे सुटलं.

मुलीच्या पेल्याचं माप मात्र घेतलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या सूचनेत सात वर्षांवरच्या मुलांना दिवसाला 240 मिलिलिटरची कमाल मर्यादा आहे आणि एक वर्षाखाली रस अजिबात नको. ती पीत होती त्या उंच पेल्यात 400 मावत होतं. पेला बदलला, एवढंच.

पुढे काय झालं

रविवारचा बेत मोडला. त्याजागी रविवारी फक्त तयारी होते: गाजरं घासून, पुसून, डब्यात. सफरचंदं अख्खीच, कारण कापलेलं फळ फ्रीजमध्येही काळवंडतं. सकाळी एका माणसाला पुरेल एवढाच रस. फळं-भाज्यांपैकी गाजर, काकडी, बीट यांचा रस लगेच प्यायचा, उरवायचा नाही. चुकून उरलाच तर लिंबू पिळून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवायचा. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात, त्यामुळे वितळलेला रस पुन्हा ठेवायचा नाही. फ्रीजचं बटण एका आकड्याने वाढवलं आणि दाराचा कप्पा चटण्या-लोणच्यांना दिला.

पाच दिवसांचा नेम मात्र टिकला नाही. रोज सकाळी यंत्र धुणं ताईंना जड गेलं आणि मी त्यांना तसं आधीच सांगितलं होतं. आता आठवड्यातून दोन-तीनदा रस होतो, बाकीच्या दिवशी फळ नुसतं खाल्लं जातं. यजमानांनी संत्री सोलून खायला सुरुवात केली आणि त्यांची अकराची भूक गेली. चोथ्याचा काही भाग सूपमध्ये जातो, काही खतात. सफरचंदाच्या बिया काढून टाकल्याशिवाय चोथा सूपमध्ये घालू नका, एवढी सूचना मी वर दिली, कारण वाटलेल्या बियांत सायनाइड सोडणारा अ‍ॅमिग्डालिन असतो. एखाददुसऱ्या बीने काही होत नाही, पण ती सवय नको.

कोल्ड प्रेसचा प्रश्न तरी उरलाच. मी त्यांना सांगितलं, घ्यायचा की नाही हे कोणाचा तरी काही दिवस मागून आणून ठरवा. ताईंच्या मैत्रिणीने दिला. संत्र्याचा रस सकाळी तसाच कडू झाला. सफरचंदाचा रंग जरा उशिरा बदलला. पालक आणि पुदिना यांचा रस खरोखर चांगला निघाला, जाळीच्या यंत्रात पानं नुसती चोथ्यात फेकली जायची. पण त्या घरात पालकाचा रस पिणारे एकटे आजोबाच होते आणि त्यांचा बंद झाला होता. शिवाय त्या यंत्राचे सुटे भाग जास्त, धुवायला वेळही जास्त. यंत्र परत गेलं. घेतली ती फक्त संत्र्यासाठी एक जड, लांब दांड्याची हातपिळणी आणि जाळी घासायचा ताठ केसांचा ब्रश.